जागा बदलणारे लाल थेंब

केतकी चौगुले मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरला आजीकडे आली, तेव्हा आजी शेडमध्ये स्टुलावर बसून एका पुठ्ठ्याकडे टक लावून बघत होती. पुठ्ठा गाडीखालून नुकताच ओढून काढलेला होता. त्यावर तांबडे डाग होते. प्रत्येक डागाभोवती आजीने स्केचपेनने गोल काढून तारीख लिहिली होती.

"आलीस? आधी हे बघ," आजी म्हणाली. "पाणी नंतर पी."

केतकीला अशा स्वागताची सवय होती. राजमती आजीने अभियांत्रिकी महाविद्यालयात तीस वर्षं द्रवशास्त्र (पाणी, तेल असे वाहणारे पदार्थ कसे वागतात याचं शास्त्र) शिकवलं होतं. तिच्या घरी साधा चहा गाळतानाही एखादा प्रश्न निघायचा.

"हे गिअरबॉक्सचं तेल," आजी सांगू लागली. "इंजिनाच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग घातलेला असतो. गेल्या महिन्यात थेंब मागच्या बाजूला पडत होते. मी मागचं ऑइल सील (फिरणाऱ्या दांड्याभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी) बदललं. मागचा भाग कोरडा झाला, तर थेंब मधे पडायला लागले. मी मधलं पॅकिंग बदललं. आता हे बघ, पुढे पडलेत. एका भोकातून गळणारं तेल जागा कशी बदलेल?"

केतकीने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "तू पुठ्ठा उलटा ठेवला असशील."

"दगडूनेही तेच विचारलं होतं," आजी हसत म्हणाली.

दगडू म्हणजे आजीचा यंत्रमानव. तो पूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजमापं घ्यायचा. नवी यंत्रं आल्यावर त्याला मोडीत काढणार होते, म्हणून आजीने त्याला घरी आणलं. त्याची बोटं केसाच्या जाडीइतका फरक ओळखत. भाषा मात्र त्याला विद्यार्थ्यांनी शिकवली होती.

"पुठ्ठा सरळच हुता," दगडू गाडीपलीकडून म्हणाला. "मी खूण करून ठेवलीया."

आजीची ती गाडी अठ्ठावीस वर्षांची होती. कोल्हापुरातला शेवटचा पेट्रोलपंप बंद होऊनही अकरा वर्षं झाली होती. रस्त्यावर सगळ्या विजेच्या, आपल्या आपण चालणाऱ्या गाड्या. आजीची चौकोनी गाडी तेवढी उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनावर चालायची आणि चालवायला माणूस मागायची.

आणि आता तिच्यावर संकट आलं होतं. जुन्या गाड्यांचं तेल पावसाच्या पाण्याबरोबर पंचगंगेत जातं, म्हणून नवा नियम निघाला होता. गाडी दहा किलोमीटर चालवून आणायची आणि लगेच पांढऱ्या कागदावर अर्धा तास उभी करायची. एक थेंब जरी पडला, तरी तिची रस्त्यावर फिरायची परवानगी कायमची रद्द. आजीच्या गाडीची तपासणी दोन जूनला होती.

"शिवाय ती घसरतेय," आजी म्हणाली. "इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकायला दोन सेकंद घेते. गिअरबॉक्स उघडावा लागणार. तो दुरुस्त करणारं गावात आता कुणी नाही. म्हणून मी, दगडू आणि तू."

केतकीने विचारलं, "आजी, नवी गाडी का घेत नाहीस? नुसतं पत्ता सांगितला की नेते."

 आजीने डाव्या पायाचा पट्टा सैल केला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या त्या पायात जोर नव्हता.

"मी अठ्ठेचाळीस वर्षांची होईपर्यंत प्रत्येक ठिकाणी मला कुणीतरी नेलं," ती म्हणाली. "बाबांनी, भावाने, रिक्षावाल्याने. सगळे प्रेमाने न्यायचे. पण त्या वेळच्या गाड्यांना डाव्या पायाने दाबायचा क्लच असायचा, आणि तो मला दाबता येत नव्हता. ही स्वयंचलित गिअरची गाडी. हिला क्लचचं पेडल नाही. हिच्यात बसले त्या दिवशी मी एकटी रंकाळ्याला सात फेऱ्या मारल्या. उतरावंसंच वाटेना. पत्ता सांगितला की नेणारी गाडी म्हणजे परत कुणीतरी मला नेतंय, केतके."

 केतकीने दप्तर भिंतीला टेकवलं आणि बाह्या वर केल्या.

पण कामाला लागण्याआधी आजीने तिला घरातून टेबलावरचे दोन पंखे आणायला लावले. ते समोरासमोर ठेवले आणि एकच सुरू केला. थोड्या वेळाने बंद असलेल्या पंख्याची पातीही हळूहळू फिरू लागली.

"दुसऱ्याला वीज नाही, तरी फिरतोय. का?"

"पहिल्याचा वारा त्याला ढकलतोय."

"बरोबर. दगडू, दुसरा पंखा धरून ठेव."

दगडूने पाती थांबवली. पहिला पंखा आपला फिरतच राहिला.

"आता समज, पहिला पंखा इंजिनाला जोडलाय आणि दुसरा गिअरबॉक्सला. वाऱ्याऐवजी मधे तेल आहे, आणि दोन्ही एका बंद डब्यात आहेत. याला म्हणतात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची फिरवण्याची ताकद तेलामार्फत पुढे देणारा भाग). ब्रेक दाबला की दुसरा पंखा थांबतो, पण इंजिन बंद पडत नाही, कारण दोघांमध्ये घट्ट असं काही जोडलेलंच नाही. ब्रेक सोडला की तेल परत ढकलायला लागतं."

"म्हणजे तुझ्या डाव्या पायाचं काम तेल करतंय."

आजीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "तीस वर्षं शिकवलं, पण असं मला कधी सुचलं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. गाडी चार भक्कम घोड्यांवर (गाडी वर पेलून धरणाऱ्या लोखंडी टेकूंवर) चढवली. त्या घट्ट बसल्याची दगडूने दोनदा खात्री केल्याशिवाय आजीने केतकीला खाली वाकूही दिलं नाही. गिअरबॉक्स साखळीच्या कप्पीने उतरवायला पूर्ण दिवस गेला. मग शेडमध्ये तीन जुन्या चादरी अंथरल्या आणि एकेक भाग निघेल त्या क्रमाने त्यांवर मांडला. केतकी प्रत्येकाला चिठ्ठी लावायची आणि वहीत चित्र काढून ठेवायची.

आत दात असलेली चाकं होती. मधे एक, त्याच्याभोवती फिरणारी तीन छोटी आणि सगळ्यांच्या बाहेर एक मोठं कडं.

"मधला सूर्य आणि भोवतीचे ग्रह," आजी म्हणाली. "यातलं एक चाक धरून ठेवलं की बाकीची एका वेगाने फिरतात, दुसरं धरलं की वेगळ्या वेगाने. गिअर बदलायचा म्हणजे कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं, एवढंच ठरवायचं."

"धरतं कोण?"

आजीने चकत्यांची एक चळत पुढे ओढली. एक चकती गुळगुळीत पोलादी, पुढची खरखरीत, मग परत पोलादी. "या चकत्या एरवी एकमेकींना न चिकटता फिरतात. तेलाने जोरात दाबलं की घट्ट होतात आणि चाकाला धरतात. हा बघ आपला रोग."

खरखरीत चकत्या काळ्या पडल्या होत्या. त्यांना करपलेल्या भातासारखा वास येत होता.

"तेल गळलं, कमी झालं," आजी सांगत होती. "मग तेल ओढणारा पंप मधेच हवा ओढायला लागला. हवा दबते, तेल दबत नाही. त्यामुळे चकत्यांवर पुरेसा जोर पडेना. त्या घसरल्या, तापल्या, जळल्या. गळती आधीची, घसरणं नंतरचं."

नव्या चकत्या उद्यमनगरातल्या एका कारखान्याने नमुना बघून करून दिल्या. तिथला मालक आजीचा विद्यार्थी होता. त्याने सगळी ऑइल सीलंही नवी दिली. पुढचं सील आजीने केतकीला बसवायला दिलं. लाकडी गोल ठोकळा त्यावर धरून, सगळीकडून सारखं ठोकत, केतकीने ते हळूहळू आत सरकवलं. दगडूने सील किती आत गेलं ते मोजलं आणि "झ्याक बसलं" एवढंच म्हणाला. त्या दिवशी केतकीने आईला फोनवर सगळ्यात आधी तेच सांगितलं.

एक दिवस मात्र वाया गेला. तेलाच्या वाटा असलेल्या पत्र्यात पोलादाच्या सात बारीक गोळ्या असायला हव्या होत्या, आणि सहाच सापडत होत्या. तिघांनी अख्खी शेड पालथी घातली. शेवटी लोहचुंबकाला दोरी बांधून ती फरशीवरून ओढली, तरी काही मिळेना. संध्याकाळी दगडू जेवणाचं टेबल पुसायला वाकला आणि त्याच्या कोपराच्या सांध्यातून टिंग असा आवाज आला. गोळी तिथेच अडकली होती. आजी इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. दगडूने दोनदा माफी मागितली.

एकोणतीस मेच्या सकाळी गाडी उभी राहिली. आजीने नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं आणि गिअरचा दांडा ओढला. गाडी लगेच, अगदी अलगद पुढे सरकली. दहा किलोमीटरच्या फेरीत एकदाही घसरली नाही. आजी येताना गुणगुणत होती.

परत आल्यावर त्यांनी गाडीखाली पांढरा कागद पसरला. वीस मिनिटांनी केतकीने वाकून पाहिलं. कागदावर चार लाल थेंब होते, अगदी पुढच्या बाजूला.

आजी स्टुलावर बसली. पायाचा पट्टा सोडायचंही तिला सुचलं नाही.

"पुढचं सील तिरकं बसलं असंल," दगडू म्हणाला. "शक्यता एकसष्ट टक्के. गिअरबॉक्स परत काढाया लागंल, मॅडम."

पुढचं सील. ते केतकीने बसवलं होतं. ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. अकरा दिवसांचं काम होतं आणि आता हातात चारच दिवस होते.

थोड्या वेळाने पट्ट्याचा ओळखीचा आवाज आला आणि आजी शेजारी येऊन बसली.

"माझ्यामुळे झालं," केतकी म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"दगडूने."

"दगडू शक्यता सांगतो. पुरावा नाही. ते सील तू बसवल्यावर मी चारही बाजूंनी मोजलंय. तुझा हात माझ्यापेक्षा बरा चालला होता." तिने केतकीच्या गालावरचा तेलाचा डाग पदराने पुसला. तो पुसला गेला नाही, जास्तच पसरला. "चल. दोष कुणाचा ते नंतर. आधी तेल कुठून येतंय ते बघू."

तिने तेलात एक चिमूटभर चमकद्रव्य (जांभळ्या दिव्याखाली हिरवं चमकणारा पदार्थ) मिसळलं. गाडी सगळीकडून पुसून कोरडी केली आणि परत एक फेरी मारून आणली. मग शेडचं दार लावून दगडूने खालून जांभळा दिवा धरला.

"पुढच्या सीलला हिरवं दिसतंय," तो म्हणाला. मग थांबला. "मागच्यालाबी हाय, थोडं. आणि वायरींच्या जोडापाशी एक बारीक रेघ."

"तीन ठिकाणी?" केतकीने विचारलं. "सगळी नवी आहेत. तिन्ही एकदम कशी बिघडतील?"

 आजीने भुवई उंचावली, आणि केतकीला कळलं की प्रश्न बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर एकही नवा थेंब नव्हता. केतकीने आजीचे जुने पुठ्ठे काढून ओळीने लावले. मग आजीची गाडी चालवल्याची वही शेजारी ठेवली. ज्या दिवशी गाडी बाहेर गेली, त्या दिवशी थेंब. ज्या दिवशी गेली नाही, त्या दिवशी पुठ्ठा कोरडा.

"दगडू, भोक असेल तर तेल गार असतानाही गळायला हवं ना?"

"गार तेल घट्ट असतंय, कमी गळंल. पर गळंल."

"इथे तर अजिबात गळत नाही." ती विचार करू लागली. "आजी, काल तू तेल मोजायची पट्टी ओढून काढलीस, तेव्हा फुस्स झालं. ते काय होतं?"

आजीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "झालं खरं. मी लक्ष दिलं नाही."

"गिअरबॉक्समध्ये तेल वरपर्यंत भरलेलं असतं?"

"नाही. वर जागा मोकळी असते. हवा असते."

केतकी उठून उभी राहिली. "शाळेत मी डब्यात गरम आमटी नेते. झाकण फार घट्ट लावलं की दप्तरात ते फुगतं आणि आमटी कडेने बाहेर येते. आई म्हणते, जरा निवू दे, मग लाव. हवा तापली की तिला जास्त जागा लागते. इथे जागाच नाही. म्हणून ती तेलाला ढकलते, आणि जिथलं सील त्यातल्या त्यात कच्चं, तिथून तेल बाहेर. तू एक पक्कं केलंस की ती दुसरं शोधते." ती दम घ्यायला थांबली. "पण मग असं प्रत्येक गाडीत व्हायला हवं."

"होत नाही," आजी सावकाश म्हणाली, "कारण प्रत्येक गिअरबॉक्सला हवा आतबाहेर करायला एक नळी असते. ब्रीदर (गिअरबॉक्सची श्वासनळी). तिचं वरचं टोक इंजिनाच्या वर, गाडीलाच बांधलेलं असतं. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा आपण ती नुसती सोडली आणि परत जोडली. आत डोकावून बघितलंच नाही. ती चूक माझी, केतके. सील बदलत बसले आणि दाब कुठून येतो ते विचारलं नाही. वर्गात मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगायचे."

दगडूने नळी सोडवून टोकात बारीक तार घातली. दोन इंचांवर ती अडली. त्याने नळी उलटी करून हलकेच टिचकी मारली, आणि त्याच्या तळहातावर सुकलेल्या मातीचा एक गोळा पडला. आत एक नीट लिंपलेली, रिकामी कोठडी होती.

"कुंभारीण माशी," आजी म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात मी तीन महिने आजारी होते, गाडी जागेवर उभी होती. तिला हे भोक घरासाठी बरोबर वाटलं असणार. पिल्लं मोठी होऊन उडूनही गेली."

केतकीने तो गोळा बोटांत धरून पाहिला. चिखलाचा एवढासा तुकडा. "गाडी किती तापते, आजी?"

"तेल नव्वद अंशांपर्यंत जातं. तीस अंशांची हवा तिथपर्यंत तापली, तर तिला साधारण पाचवा हिस्सा जास्त जागा हवी. नाही मिळाली, तर दाब तितका वाढतो. ऐकायला थोडं वाटतं. पण सीलं तेल अडवायला केलेली असतात, फुगणारी हवा कोंडायला नाही."

त्यांनी नळी धुतली, फुंकून पाहिली आणि टोकाला बारीक जाळी बसवली, हवेला वाट राहील आणि माशीला नाही अशी. मग गाडी पुसून परत दहा किलोमीटर नेली. आजीने पट्टी ओढली, तर कसलाच आवाज झाला नाही. अर्धा तास तिघं कागदाभोवती बसून राहिले. मग एक तास. कागद पांढराच राहिला.

दोन जूनला तपासणी केंद्रातल्या बाईंनी घड्याळ लावून तीस मिनिटं मोजली. कागद उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, "या वयाच्या गाडीखाली मी कोरडा कागद अजून पाहिला नव्हता. दुरुस्त कुणी केली?"

"माझ्या नातीने," आजी म्हणाली.

"आम्ही तिघांनी," केतकीने सुधारलं. दगडूने बाईंना नमस्कार केला.

परवानगीचा कागद मिळाल्यावर आजी घराकडे वळलीच नाही. तिने गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला लावली. चढ लागला, तसा इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडीने अलगद गिअर बदलला. केतकीला आत काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसलं. तेल चकत्यांना दाबतंय, चकत्या चाकाला धरतायत, एक ग्रह थांबतोय, दुसरा फिरतोय. वर कुठेतरी त्या नळीतून गरम हवा शांतपणे बाहेर पडत असणार.

डोंगराच्या खांद्यावर दुपारच्या आकाशात फिकट चंद्र दिसत होता. चंद्रावरच्या वसाहतीत त्या वर्षी चाळीस माणसं राहत होती.

"आजी, चंद्रावरच्या गाड्यांनासुद्धा गिअरबॉक्स असतात ना? तिथे श्वासनळी कशी ठेवतात? बाहेर हवाच नाही. नळी उघडी ठेवली तर आतली सगळी हवा निघून जाईल. बंद ठेवली तर फुगेल. आणि तिथे दिवसा किती तापतं."

"शंभर अंशांच्या वर. आणि रात्री उणे शंभराच्याही खाली."

"मग बाजाच्या पेटीला असतो तसा भाता लावायचा. हवा फुगली की त्यात जाईल, निवली की परत येईल."

आजीने वळण नीट घेतलं. "बाहेरून ढकलायला तिथे हवा नाही. भाता एकदा फुगला की तसाच बसेल. त्याला परत कोण दाबणार?"

केतकी विचारात पडली.  "स्प्रिंग," ती शेवटी म्हणाली. मग जराशाने, "पण गारठ्यात स्प्रिंग कडक होईल का? तिथे काय वापरतात?"

"मला माहीत नाही," आजी म्हणाली. "खरंच माहीत नाही. काढून बघ, कसं जमतंय ते."

केतकीने दप्तरातून वही काढली, मांडीवर ठेवली आणि भात्याची पहिली घडी काढायला घेतली. रस्ता खडबडीत होता. पोरीची रेघ हलू नये म्हणून आजीने गाडी जरा सावकाश घेतली.